अवेळीची थंडी, अवेळीची ऊब

पीचचे उमललेले फूल नखाने उभे चिरले की आत मधोमध एक बारीक दांडी दिसते. तो स्त्रीकेसर, त्याच्याच तळाशी पुढे फळ धरते. फूल जिवंत असेल तर हा भाग फिकट हिरवा आणि ओलसर असतो. मेले असेल तर तो तपकिरी, कधी पार काळा पडलेला असतो, पण बाहेरच्या पाकळ्या तशाच गुलाबी आणि टवटवीत राहतात, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला काही घडले आहे हे कळतही नाही. काही वर्षांपूर्वी एका वसंतातल्या सकाळी मी अशी चाळीस फुले एकामागून एक चिरून पाहिली. छत्तीस आतून काळी निघाली. आदल्या रात्री पारा उणे साडेचार अंशांपर्यंत उतरला होता. त्याच झाडाने त्याच हिवाळ्यात, जेमतेम दोन महिन्यांपूर्वी, उणे बारा अंशांच्या रात्री सोसल्या होत्या आणि त्याची एक कळीही दगावली नव्हती.

माझ्याकडे दिवसाचे कमाल आणि किमान तापमान दाखवणारा एक साधा तापमापक आहे आणि त्याची नोंद मी गेली बारा वर्षे वहीत करीत आले आहे. त्या रात्रीच्या आकड्यात एरवी लक्षात ठेवावे असे काहीच नव्हते. वही मागे उलटली तर उणे साडेचारच्या खाली गेलेल्या रात्री ढिगाने सापडतात. विपरीत होती ती तारीख. तेव्हापासून ऋतूच्या विरुद्ध टोकाला जाणाऱ्या हवामानाकडे, म्हणजे भर हिवाळ्यातला वणवा, वसंतातले गोठण, पानगळीच्या आधीच कोसळलेला बर्फ किंवा उन्हाळ्यातली गारांची रास, या सगळ्यांकडे मी एकाच प्रश्नाने पाहते: त्या दिवशी कोणी कोणती तयारी उतरवून ठेवली होती? आकडा किती मोठा होता, हा प्रश्न मला त्यानंतरचा वाटतो.

हिवाळ्यातले झाड नुसते झोपलेले नसते, ते थंडीसाठी सज्ज झालेले असते. दिवस लहान होऊ लागले आणि हवा गार पडू लागली की त्याच्या पेशींतले पाणी हळूहळू पेशींच्या बाहेर, त्यांच्यामधल्या पोकळ्यांत सरकते, आत साखरेचे प्रमाण वाढते, आणि बर्फ झालाच तर तो पेशीच्या बाहेर होतो. बर्फाचा स्फटिक पेशीच्या आत तयार झाला तर मात्र तिचे पटल फाटते आणि ती मरते. ही सज्जता कायमची नसते. ठरावीक थंडी भोगून झाल्यावर ऊब मिळाली की झाड ती उतरवू लागते, आणि कळी एकदा उघडली की परतीचा रस्ता राहत नाही. फळबागायतदार यासाठी एक कोष्टक वापरतात, ते मला आता पाठ झाले आहे. पीचची नुकती फुगलेली कळी उणे आठ अंशांच्या आसपास दहात एक या प्रमाणात दगावते. पूर्ण उमललेल्या फुलांत तेवढेच नुकसान व्हायला उणे २.८ अंश पुरतात, आणि उणे ४.४ अंशांना दहांतली नऊ फुले जातात. फुलोऱ्यातले झाड जवळपास सगळे वाचणे आणि जवळपास सगळे जाणे यांत फक्त दीड अंशाचे अंतर आहे.

हेच फ्रान्समध्ये २०२१ साली देशभर घडले. मार्चच्या अखेरीस तिथे अनेक ठिकाणी पारा २५ अंशांच्या वर गेला होता, द्राक्षवेलींचे डोळे फुटले होते, जर्दाळू आणि चेरी फुलांवर होत्या. त्यानंतर आठवडाभरातच ध्रुवीय हवा खाली उतरली आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातल्या काही रात्री पारा शून्याच्या बराच खाली गेला. शेतकऱ्यांनी वेलींच्या रांगांमधून हजारो मेणबत्त्या पेटवल्या, गवताच्या गंज्या जाळून धुराची चादर धरली, काहींनी वरची तुलनेने उबदार हवा खाली दाबण्यासाठी हेलिकॉप्टर फिरवली. तरीही देशाच्या कृषिमंत्र्यांना, ही बहुधा एकविसाव्या शतकाच्या आरंभीची सर्वांत मोठी कृषी आपत्ती असावी, असे म्हणावे लागले.

त्या घटनेचा नंतर शास्त्रज्ञांनी अभ्यास केला, आणि त्याचा निष्कर्ष पहिल्या वाचनात उलटा वाटतो. हवामानबदल झाला नसता तर त्या रात्री आणखी थंड असत्या, असे त्यांना आढळले. पण त्याच बदलामुळे वेलींना पालवी इतकी लवकर फुटू लागली आहे की, पालवी फुटल्यानंतर अशी गोठवणारी रात्र गाठ पडण्याची शक्यता सुमारे ६० टक्क्यांनी वाढली आहे. मी हा निष्कर्ष दोनतीनदा वाचला, मग माझी वही काढली. थंडी सौम्य होत आहे आणि थंडीने होणारे नुकसान वाढत आहे, ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी असू शकतात, कारण पहिले वाक्य हवेविषयी आहे आणि दुसरे झाडाविषयी. ‘एवढी थंडी पडली, मग तापमानवाढ कुठे आहे?’ असे कोणी विचारले की मला ती काळी पडलेली फुले आठवतात. प्रश्न विचारणाऱ्याच्या डोळ्यासमोर एकटा तापमापक असतो. झाड कुठल्या अवस्थेत होते हे त्याने पाहिलेलेच नसते.

माणसाच्या शरीराचेही असेच आहे. उष्णतेची सवय व्हायला शरीराला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. तेवढ्या काळात घाम लवकर सुटू लागतो, त्यातून मीठ कमी जाऊ लागते, रक्ताचे आकारमान वाढते. म्हणून ऋतूतली पहिली उष्णतेची लाट तेवढ्याच तापमानाच्या पुढच्या लाटेपेक्षा अधिक घातक ठरते. हिवाळ्याला लागूनच ती आली तर शरीर हिवाळ्याचेच असते.

फसण्याचा दुसरा प्रकार मला अधिक अस्वस्थ करतो. पीच किंवा द्राक्षवेल उबेवर विश्वास ठेवते, म्हणून खोट्या वसंताला भुलते. पण अनेक जीव उबेवर मुळीच विसंबत नाहीत, ते दिवसाच्या लांबीकडे पाहून चालतात. उत्तर अमेरिकेतला हिमपाद ससा उन्हाळ्यात तपकिरी असतो आणि हिवाळ्यात पांढरा होतो. हा बदल प्रकाशाच्या तासांवर ठरतो, बर्फ पडला आहे की नाही याच्याशी त्याचा फारसा संबंध नसतो. लाखो वर्षे हे गणित जमत आले, कारण दिवस लहान झाले की बर्फ येणारच. आता बर्फ उशिरा येतो, लवकर वितळतो, आणि मधल्या दिवसांत तपकिरी पाचोळ्यावर एक शुभ्र पांढरा प्राणी अगदी स्तब्ध बसून राहतो, कारण आपण दिसत नाही अशी त्याच्या शरीराची खात्री असते. अशा विसंगत रंगाच्या सशांची जगण्याची शक्यता दर आठवड्याला सात टक्क्यांपर्यंत घटते, असे मोजमापातून दिसले आहे. त्या सशाने काहीही चूक केलेली नाही. सूर्याचे पंचांग अजूनही बिनचूकच आहे. हवेने त्याच्याशी असलेली जोडी मोडली आहे.

आपणही तारखांवरच चालतो, आणि आपली तारीख तर छापील असते. बर्फ हटवणारी वाहने कधी बाहेर काढायची, वणव्याशी झुंजणारे हंगामी कर्मचारी कधी घरी पाठवायचे, वीजकेंद्रे दुरुस्तीसाठी कधी बंद ठेवायची, हे सारे ऋतू गृहीत धरून ठरते. त्यात गैर काही नाही, वर्षभर सगळ्यासाठी सज्ज राहणे कोणालाच परवडणार नाही. पण या व्यवस्थेची किंमत ज्या दिवशी चुकवावी लागते तो दिवस जवळून पाहण्यासारखा असतो.

१२ ऑक्टोबर २००६ या दिवशी अमेरिकेतल्या बफेलो शहरावर बर्फ पडू लागला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत विमानतळावर सुमारे ५७ सेंटिमीटर बर्फ साचला. बफेलोला बर्फ नवा नाही. जानेवारीत एवढ्या बर्फाने त्या शहराचे फारसे काही बिघडले नसते. ऑक्टोबरमध्ये मात्र झाडांवर पाने होती. निष्पर्ण फांदीवरून बर्फ घसरून जातो. पानांनी भरलेल्या फांदीला प्रत्येक पान एकेक ओंजळ होते, आणि तो बर्फ ओला, जड होता. रात्रभर शहरात फांद्या मोडल्याचे आवाज येत राहिले. मोडलेल्या फांद्या तारांवर पडल्या आणि लाखो लोक अंधारात गेले, काहींची वीज परतायला आठवड्याहून अधिक काळ लागला. २०११ च्या ऑक्टोबरअखेरीस अमेरिकेच्या ईशान्य भागात हेच अधिक मोठ्या प्रमाणावर घडले आणि तीस लाखांहून अधिक घरे-दुकानांची वीज गेली. दोन्ही वेळा खरा भार पानांनी धरून ठेवला होता.

त्या बफेलोच्या बर्फाची उत्पत्ती मला विलक्षण वाटते. शेजारच्या ईरी सरोवराचे पाणी उन्हाळ्याची ऊब धरून होते, सुमारे १६ अंश. त्या उबदार पाण्यावरून अवेळी आलेली अतिथंड हवा वाहू लागली, तिने खालून ऊब आणि बाष्प उचलले, ती वेगाने वर चढली, आणि तेच बाष्प काठावर बर्फ होऊन उतरले. सरोवर गार असते तर एवढा बर्फ पडलाच नसता. शहरावर जे पडले ते एका अर्थी उन्हाळ्याचेच होते.

गारांचेही तसेच आहे. उन्हाळ्यात आकाशातून बर्फ पडतो याचे लहानपणी नवल वाटते, आणि मोठेपणी आपण तो निसर्गाचा विक्षिप्तपणा मानून सोडून देतो. वास्तविक मोठ्या गारांना उन्हाळाच लागतो. जमीन तापली पाहिजे, तळाशी दमट हवा पाहिजे, वरची हवा थंड पाहिजे. तरच हवेचा इतका जोरदार झोत वर उसळतो की बर्फाचा गोळा तासाला शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने खाली येऊ पाहत असतानाही तो त्याला वर तोलून धरतो. एकदा वादळ ओसरल्यावर मी एक मोठी गार उचलून गरम सुरीने मधोमध कापली होती. आत कांद्यासारखे पापुद्रे होते: एक दुधी, एक काचेसारखा पारदर्शक, पुन्हा एक दुधी. पाणी चटकन गोठले की हवेचे बुडबुडे आत अडकून थर दुधी होतो. ते सावकाश पसरत गोठले की बुडबुडे निसटून जातात आणि थर स्वच्छ राहतो. तळहातावर मिनिटभर धरेपर्यंत बाहेरचा थर वितळून गेला. अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यातल्या व्हिव्हियन गावी २३ जुलै २०१० रोजी पडलेली गार २० सेंटिमीटर व्यासाची आणि जवळजवळ ८८० ग्रॅम वजनाची होती. ती ऐन जुलैमधली होती यात विसंगती काहीच नाही. मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात ३० जून २०१९ च्या पहाटे सखल भागांत गारांचे दीड मीटरपर्यंत ढीग साचले आणि गाड्या त्यांत रुतल्या. तेही त्या उबदार, पावसाळी दिवसांतच.

म्हणून ‘ऋतू उलटला’ हा शब्दप्रयोग मी हल्ली जपून वापरते. पुष्कळदा ऋतू उलटलेला नसतो, त्याने स्वतःच्याच बळावर आपल्या विरुद्ध रूप घडवलेले असते.

ध्रुवावरची गोष्ट तर याहून गुंतागुंतीची आहे. हिवाळ्यात ध्रुवाभोवती, तीसेक किलोमीटर उंचीवर, थंड हवेचा एक प्रचंड भोवरा फिरत असतो. कधीकधी खालून वर जाणाऱ्या महाकाय लहरी त्याला धडकतात, तो मंदावतो किंवा दुभंगतो, आणि त्या उंचीवरची हवा काही दिवसांतच ४०-५० अंशांनी तापते. १९५२ साली बर्लिनवर सोडलेल्या फुग्यांच्या नोंदींत रिचर्ड शेरहाग या शास्त्रज्ञाला हे पहिल्यांदा दिसले. वर तापलेल्या हवेचा परिणाम पुढच्या काही आठवड्यांत खाली गोठणाच्या रूपाने दिसू शकतो, कारण भोवरा सैल झाला की ध्रुवाची थंड हवा दक्षिणेकडे सांडू लागते. फेब्रुवारी २०१८ मध्ये असेच झाले. ब्रिटनमध्ये १ मार्चला, म्हणजे हवामानशास्त्राच्या हिशेबाने वसंताच्या पहिल्याच दिवशी, रस्ते बर्फाखाली होते आणि कित्येक ठिकाणी दिवसभर पारा शून्याच्या वर आला नाही. जवळजवळ एक वर्षाने, २६ फेब्रुवारी २०१९ रोजी, लंडनच्या क्यू उद्यानात २१.२ अंशांची नोंद झाली, त्या देशाच्या नोंदींतला हिवाळ्यातला तोवरचा सर्वांत उष्ण दिवस. एकाच आठवड्यातल्या तारखा, एका वर्षाचे अंतर, आणि दोन्ही वेळा त्याच उद्यानांतल्या त्याच कळ्या.

ध्रुवप्रदेश वेगाने तापत असल्यामुळे हे हेलकावे वाढत आहेत का, यावर शास्त्रज्ञांचे एकमत झालेले नाही, आणि ते झाल्यासारखे लिहिणे मला योग्य वाटत नाही. उष्णतेच्या लाटा वाढत आहेत आणि वसंत लवकर येत आहे याबद्दल मात्र आता शंका उरलेली नाही, आणि अवेळीच्या थंडीला धारदार करायला तेवढे पुरते.

आकड्यापेक्षा तयारीला मी महत्त्व देते, त्याचा पुरावा अंटार्क्टिकातूनही मिळतो. १८ मार्च २०२२ रोजी पूर्व अंटार्क्टिकाच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून ३,२०० मीटरहून उंच असलेल्या कॉन्कॉर्डिया केंद्रात, त्या दिवसांतल्या सरासरीपेक्षा सुमारे ३८ अंश जास्त तापमान नोंदले गेले. दक्षिण गोलार्धात तेव्हा उन्हाळा संपून थंडी वाढत जायला हवी होती. सरासरीपासून इतके दूर गेलेले तापमान जगात क्वचितच कुठे मोजले गेले असेल. पण प्रत्यक्षात पारा उणे १२ अंशांच्या आसपास होता, आणि त्या पठारावर उमलायला काही नव्हते, म्हणून मरायलाही काही नव्हते. उलट १८१६ साल पाहा. आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला होता आणि त्याच्या धुरक्याने पृथ्वीचे सरासरी तापमान साधारण अर्ध्या अंशाने उतरले. अर्धा अंश कोणाला जाणवतही नाही. पण त्या वर्षी ६ जूनला अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात बर्फ पडला, जुलै आणि ऑगस्टमध्येही गोठणाच्या रात्री आल्या, आणि त्या वेळी मका शेतात उभा होता. युरोपात पिके बुडाली, दुष्काळ पडला.

हिवाळ्यातल्या वणव्याची गोष्ट मी मुद्दाम शेवटाकडे ठेवली आहे, कारण ती वाचताना मला दरवेळी थांबावे लागते. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात २०२१ च्या वसंतात चांगला पाऊस झाला आणि गवत उंच वाढले. त्यानंतरचे सहा महिने उष्ण आणि कोरडे गेले. डेन्व्हरमध्ये हंगामातला पहिला बर्फ १० डिसेंबरला पडला, इतका उशीर तिथे पूर्वी कधी झाला नव्हता. जे गवत एरवी डिसेंबरात बर्फाखाली दबलेले असते ते वाळून उघडे राहिले होते. ३० डिसेंबरला डोंगरावरून ताशी १६० किलोमीटरहून अधिक वेगाचे वारे उतरले, आणि बोल्डर परगण्यात लागलेल्या आगीत काही तासांत हजाराहून अधिक घरे जळाली. दुसऱ्या दिवशी, वर्षाच्या अखेरच्या दिवशी, बर्फ पडू लागला. ज्या बर्फाची दोन महिने वाट पाहिली गेली, तो धुमसत्या जोत्यांवर पडला. आग विझायला त्याची मदत झाली, हे खरेच आहे.

वेळापत्रके बदलता येतात, हेही दिसू लागले आहे. जानेवारी २०१६ मध्ये अटलांटिक महासागरात ॲलेक्स नावाचे चक्रीवादळ तयार झाले. तिथला वादळांचा अधिकृत हंगाम जून ते नोव्हेंबर असा आहे. पुढेही हंगामाआधीची वादळे येत राहिली, तेव्हा अमेरिकेच्या चक्रीवादळ केंद्राने २०२१ पासून आपले नियमित अंदाज १ जूनऐवजी १५ मेपासून द्यायला सुरुवात केली. पंधरा दिवसांचा हा फरक आहे, पण तो छापील पंचांगापेक्षा आकाशाकडे पाहून केलेला आहे, म्हणून मला मोलाचा वाटतो.

माझ्या एका झाडापुरते मीही काही बदल केले आहेत. पूर्वी मी वहीत फक्त तापमान लिहीत असे, आता शेजारी कळीची अवस्था लिहिते: बंद, फुगलेली, गुलाबी टोक, उमललेली. गेल्या वसंतात फुले पूर्ण उमललेली असताना उणे तीनचा अंदाज आला. त्या रात्री मी झाडावर पाण्याचे तुषार चालू ठेवले. एक ग्रॅम पाणी गोठताना ८० कॅलरी उष्णता बाहेर टाकते, आणि पाणी सतत गोठत राहील तोवर बर्फाच्या आतले फूल शून्याच्या जवळपास राहते. मध्येच पाणी थांबले तर बाष्पीभवनाने फूल उघड्या हवेपेक्षाही गार होते, म्हणून रात्रभर नळाजवळ बसावे लागले. पहाटेपर्यंत प्रत्येक फूल काचेच्या गोळीत बंद झाल्यासारखे दिसत होते आणि फांद्या भाराने वाकल्या होत्या. ऊन येऊन बर्फ आपोआप सुटू लागल्यावरच मी पाणी बंद केले. दोन दिवस थांबून दहा फुले चिरली. आठ हिरवी होती.